कुऱ्हाडीचा दांडा

रोगाचा कर्ता बाहेरचाच असावयाचा, असें मानण्याकडे मनुष्याच्या मनाचा स्वाभाविक ओढा असतो. कर्करोगाच्या इतिहासांतील एका प्रकरणानें या समजुतीला जो धक्का दिला, तो जाणून घेण्यासारखा आहे.

सन १९०९ मध्यें न्यूयॉर्क येथील रॉकफेलर संस्थेंत पेटन राऊस या तरुण संशोधकांकडे छातीवर गांठ आलेली एक कोंबडी आणण्यांत आली. त्यांनीं ती गांठ वाटून तिचा अर्क इतक्या सूक्ष्म गाळणींतून गाळला कीं, त्यांत एकही पेशी उरूं नये. तरीही तो अर्क टोंचलेल्या निरोगी कोंबड्यांना तसाच कर्करोग झाला! १९११ मध्यें प्रसिद्ध झालेल्या या शोधाकडे पुष्कळ वर्षें विद्वानांनीं संशयानेंच पाहिलें. नोबेल पारितोषिक मिळालें तें १९६६ मध्यें. तेव्हां राऊस ८७ वर्षांचे होते. गाळणींतून निसटणारा तो एक विषाणू होता. शत्रु बाहेरचाच, असें ठरल्यासारखें झालें.

पण खरें आश्चर्य पुढेंच होतें. या विषाणूंत कर्करोग उत्पन्न करणारें 'सार्क' नांवाचें जनुक होतें. १९७६ मध्यें बिशप, वार्मस व त्यांचे सहकारी यांनीं असें दाखविलें कीं, तसेंच जनुक निरोगी कोंबडीच्या पेशींतही असतें. विषाणूनें तें कोंबडीच्याच घरांतून उचललें होतें!

मग हें जनुक तेथें काय करतें? त्यापासून बनणारें प्रथिन हा पेशीचा निरोप्या होय. वाढण्याचा संदेश बाहेरून आला कीं, इतर प्रथिनांवर फॉस्फेटचा शिक्का उमटवून तो आंत पोंचता करावयाचा, हें त्याचें काम. काम संपतांच त्यानें स्वस्थ बसावें म्हणून त्याच्या शेपटाशीं एक लगाम असतो. विषाणूजवळील प्रतींत नेमका तोच भाग नाहीं. त्यामुळें संदेश नसतांही शिक्के उमटत राहतात आणि पेशी वाढतच जातात.

मनुष्याच्या बहुतेक कर्करोगांत असा विषाणू नसतो. घरचींच जनुकें बिघडतात. रक्ताच्या एका जुनाट कर्करोगांत दोन गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन असाच एक बेलगाम निरोप्या निर्माण होतो. त्याचे शिक्के बंद पाडणाऱ्या इमॅटिनिब या औषधास अमेरिकेंत २००१ मध्यें मान्यता मिळाली, आणि त्या रोग्यांचें आयुष्य पालटलें. सर्वच कर्करोगांस इतका सरळ उपाय अद्याप सांपडलेला नाहीं. तथापि कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ कसा होतो, हें कळल्यावांचून तो दांडा धरतांही आला नसता.