आवर्ती अंगघात, आनुवंशिक

स्नायूंचे बल काही तासांपुरते, क्वचित काही दिवसांपुरते, लोप पावून पुढे आपोआप परत येते, अशा आनुवंशिक विकारांच्या गटास ही संज्ञा आहे. रात्री मिष्टान्नाचे भरपेट जेवण करून, अथवा दिवसभराच्या अंगमेहनतीनंतर निजलेला तरुण पहाटे जागा होतो तो हातपाय हलविण्यास असमर्थ, मात्र शुद्ध, वाचा व स्पर्शज्ञान शाबूत. आणि वैद्य येईतो झटका ओसरलेला असल्यास तपासणीत काहीच सापडत नसल्यामुळे, अशा रुग्णांवर ढोंगाचा किंवा उन्मादाचा आरोप सहज होत आला आहे.

स्नायुतंतूच्या पटलात विद्युद्भारित आयनांची ये-जा करू देणारे प्रथिनांचे मार्ग असतात. त्यांचे एखादे जनुक सदोष असले की पटल प्रसंगी उत्तेजनक्षम राहत नाही. असे जनुक मातापित्यांपैकी एकाकडून आले तरी पुरते, म्हणून प्रत्येक अपत्यास ते मिळण्याची शक्यता निम्मी असते.

अधिक आढळणाऱ्या प्रकारात झटक्याच्या वेळी रक्तातील पोटॅशियम घटते. ते शरीराबाहेर जात नाही. पिष्टमय आहारानंतर स्रवणाऱ्या इन्सुलिनाच्या प्रभावाने स्नायुपेशींत शिरते. याउलट दुसऱ्या प्रकारात, ज्याचे वर्णन स्वीडनच्या इंग्रिड गामस्टॉर्प यांनी १९५६ मध्ये केले, पोटॅशियम बहुधा वाढते. झटके बालपणीच सुरू होतात, अल्पकाळ टिकतात, आणि उपवास, थंडी किंवा श्रमानंतरची विश्रांती त्यांस निमित्त होते. अमेरिकेतील क्वार्टर जातीच्या घोड्यांतही हाच विकार ‘इम्प्रेसिव्ह’ नामक एका नामांकित वळूघोड्याच्या वंशात पसरला: पिळदार देहासाठी निवड करणाऱ्यांनी अजाणता रोगाचीच पैदास केली, असे म्हणणे भाग आहे. अँडरसन-टाविल लक्षणसमूहात अंगघातासह हृदयाची लयही बिघडते.

बाह्य रूप एकच, पण एकाचे औषध दुसऱ्यास घातक. म्हणून झटका चालू असतानाच रक्ततपासणी व हृदयालेख करून घेणे अत्यावश्यक ठरते. पोटॅशियम घटलेल्या रुग्णास ते तोंडावाटे, बेताने देतात, कारण झटका ओसरताना पेशींतून परतणाऱ्या पोटॅशियमाची त्यात भर पडते. ‘अशक्तपणा आहे, सलाईन लावा’ या आपल्याकडील शिरस्त्याप्रमाणे अशा रुग्णास ग्लुकोज दिल्यास पोटॅशियम आणखी उतरते. प्रथमच झटका आलेल्या प्रौढ पुरुषात, कुटुंबात असा दाखला नसल्यास, अवटू ग्रंथीची तपासणीही टाळू नये. तिच्या अतिस्रावामुळे होणारा असाच अंगघात आशियाई पुरुषांत विशेष आढळतो.

प्रतिबंधासाठी ॲसिटाझोलामाइड दीर्घकाळ वापरात आहे. त्याच वर्गातील डायक्लोरफेनामाइडास अमेरिकेत २०१५ मध्ये मान्यता मिळाली. सोडियम-मार्गाच्या दोषामुळे पोटॅशियम घटणाऱ्या काही रुग्णांत मात्र ॲसिटाझोलामाइडाने झटके वाढतात. वयोमानाने झटके विरळ झाले, तरी कित्येकांच्या मांड्या व नितंबांच्या स्नायूंत कायमची दुर्बलता हळूहळू घर करते.