एकवीस आकडी नोट

गेल्या आठवड्यात आमच्या टीममध्ये एका फील्डवरून वाद पेटला. रक्कम साठवायला ६४ बिटांचा पूर्णांक पुरेल की नाही? मी छातीठोकपणे सांगून टाकलं, "अरे, १९ आकडी संख्या मावते त्यात. एवढे पैसे जगात कुणी कधी मोजलेत का?" शनिवारी सकाळी चहा पिता पिता सहज शोधायला बसलो आणि तोंडावर आपटलो. मोजलेत. हंगेरीत, १९४६ साली.

तिथलं तेव्हाचं चलन पेंगो. (मराठीत पेंगणं म्हणजे डुलक्या काढणं, पण हंगेरियनमध्ये अर्थ 'खणखणीत वाजणारा'!) पहिल्या महायुद्धानंतर जुन्या कोरोनाची (हो, नाव हेच) पार माती झाली, म्हणून १९२७ साली १२,५०० कोरोनांना एक पेंगो या भावाने नवं चलन आणलं. ३,८०० पेंगोंना किलोभर सोनं. म्हणजे नाव सार्थच होतं.

मग दुसरं महायुद्ध आलं. हंगेरी जर्मनीच्या बाजूने लढली आणि शेवटी लढाई थेट बुडापेस्टच्या गल्ल्यांत शिरली. डॅन्यूबवरचे शहरातले सगळे पूल पाण्यात गेले, देशाची साधारण ४० टक्के संपत्ती नष्ट झाली. वर ३० कोटी डॉलरची युद्धभरपाई, त्यातली २० कोटींची एकट्या सोव्हिएत युनियनला. राष्ट्रीय बँकेचं सोनं शेवटच्या दिवसांत ऑस्ट्रियात हलवलं होतं, ते अमेरिकनांच्या हाती लागलं. सोव्हिएत फौज तर स्वतःच पेंगोच्या नोटा छापून खर्च करत होती. कर घ्यावा तर लोकांकडे आहे काय? सरकारकडे उरला एकच कारखाना, नोटांचा.

आता आपल्या धंद्याच्या भाषेत बोलायचं तर पॅचवर पॅच सुरू झाले. डिसेंबर १९४५ मध्ये हुकूम निघाला, की हजार आणि त्यावरच्या नोटांवर सरकारी तिकीट चिकटवलं तरच नोट चालेल, आणि तिकिटाची किंमत नोटेच्या तिप्पट. थोडक्यात, हातातल्या चार नोटांपैकी तीन सरकारजमा. जानेवारी १९४६ मध्ये 'कर-पेंगो' आला. कर भरेपर्यंत त्याची किंमत विरघळू नये, म्हणून त्याचा भाव महागाईप्रमाणे रोज वाढवून रेडिओवर सांगायचे. कल्पना हुशारीची, पण मग साधा पेंगो क्षणभरही हातात कोण ठेवणार? जो तो मिळाल्या मिळाल्या खर्च करू लागला आणि महागाई आणखी उधळली. शेवटी कर-पेंगोही त्याच खड्ड्यात गेला.

नोटांवर शून्यं लिहायला जागा पुरेना, तेव्हा नावंच बदलली. मिल-पेंगो म्हणजे दहा लाख पेंगो, बी-पेंगो म्हणजे एक लाख कोटी पेंगो. डिझाइन जुनंच, रंग आणि नाव तेवढं वेगळं. व्यवहारात आलेली सगळ्यात मोठी नोट १० कोटी बी-पेंगोंची. म्हणजे १ वर २० शून्यं. लीलावतीतली आपली यादी परार्धापाशी, १७ शून्यांवर थांबते. ही नोट हजार परार्धांची! जुलै १९४६ मध्ये किमती साधारण दर १५ तासांनी दुप्पट होत होत्या. सकाळी मिळालेला पगार दुसऱ्या दिवशी सकाळी निम्म्याहूनही कमी.

आकड्यांची गंमत इथे संपते. शेतकऱ्याकडे धान्य होतं, व्यापाऱ्याकडे माल होता. पेन्शनर, नोकरदार, बँकेत आयुष्यभराची पुंजी ठेवलेली म्हातारी माणसं, यांच्याकडे फक्त पेंगो होते. कारखाने आणि रेल्वे पुन्हा उभे राहिले ते बऱ्याच अंशी यांच्या पैशावर. नोट छापणं हा कर होताच, फक्त त्याची पावती कुणाला मिळाली नाही.

१ ऑगस्ट १९४६ ला फोरिंट आला. एक फोरिंट म्हणजे ४ वर २९ शून्यं इतके पेंगो. हिशोब करून बघा, ती सगळ्यात मोठी नोट ४०० कोटी वेळा मोजाल तेव्हा एक फोरिंट. नोटा रस्त्यावर केरासारख्या झाडल्याचा फोटो त्याच वर्षीचा आहे. सोनं त्याच महिन्यात अमेरिकेने परत केलं, पण फोरिंट नुसत्या सोन्यावर टिकला नाही. सरकारने नोटांच्या छपाईला लगाम घातला आणि पगार इतके कमी ठेवले, की माणसाची खरी कमाई युद्धाआधीच्या निम्म्याच्या आसपास आली. म्हणजे शेवटच्या पॅचचं बिलही पगारदारांनीच भरलं.

हंगेरी २००४ साली युरोपीय संघात गेली, तरी खिशात आजही फोरिंटच आहे, युरो नाही.

असो. सोमवारी ऑफिसात जाऊन हरलो म्हणून सांगावं लागणार. एकवीस आकडे ६४ बिटांत मावत नाहीत. फील्ड मोठं करायला पाच मिनिटं लागतील. पण रक्कम फील्डमध्ये मावली, तरी ती उद्या सकाळपर्यंत तेवढ्याच मोलाची राहील, हे कुठल्या डेटा टाइपने सांभाळायचं? ते मला अजून कुणी शिकवलेलं नाही.