कोळशाचं इंजिन गेलं तेव्हा : प्रस्तावना

केनवडच्या शिवारात रूळ नाहीत. रिसोड तालुक्यातल्या या गावच्या माणसाला गाडी धरायची तर वाशीम गाठावे लागते. तरीही वाफेकडून डिझेल आणि विजेकडे झालेल्या वाटचालीचा अभ्यास करू पाहणाऱ्याने मुंबईपेक्षा या बाजूने सुरुवात करावी, असा माझा आग्रह आहे. कारण याच जिल्ह्यातल्या कारंज्यावरून शकुंतला ही अरुंद रुळांची गाडी धावत असे.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदरहून कुर्ल्याला देशातली पहिली विजेची गाडी सुटली. तिच्या दोनच वर्षे आधी, १९२३ साली, शकुंतलेच्या मूर्तिजापूर–यवतमाळ मार्गावर मँचेस्टरला बांधलेले वाफेचे इंजिन कामाला लागले होते. ते १५ एप्रिल १९९४पर्यंत गाडी ओढत राहिले; मग डिझेल आले. आजच्या एकाच राज्यात वीज आणि वाफ जवळजवळ सत्तर वर्षे सोबत नांदल्या. आधी वाफ, मग डिझेल, मग वीज ही पाठ्यपुस्तकातली क्रमवारी इथे टिकत नाही.

असे का झाले, हा या विषयाचा गाभा. मुंबईत गर्दी होती आणि पुण्याच्या वाटेवर बोरघाटाचा सदतिसास एक असा चढ. म्हणून १९३०पर्यंत तारा पुण्याला पोहोचल्या. शकुंतला खासगी कंपनीच्या मालकीची, वऱ्हाडचा कापूस वाहण्यासाठी घातलेली. तिच्यावर गाड्या मोजक्याच. शिवाय मुंबईकडच्या तारांना वीज पुरवणाऱ्या ठाकुर्लीच्या चोळा वीजकेंद्रातही कोळसाच जळत होता, हे विसरू नये. धूर घाटातून उठून केंद्राच्या धुराड्यात गेला, एवढेच.

वाफेच्या इंजिनाला माणसे किती लागत, याकडे वाचकाने मुद्दाम लक्ष द्यावे. गाडी सुटण्याच्या कितीतरी तास आधी शेडमध्ये आग पेटवायची, भट्टीतली राख ओढायची, बॉयलर धुवायचा, वाटेत ठिकठिकाणी पाणी भरायचे. धावत्या इंजिनात फायरमन फावड्याने कोळसा भट्टीत नुसता टाकत नसे; आग कुठे पातळ झाली ते पाहून पसरत असे. एवढे करूनही कोळशातल्या उष्णतेपैकी शेकडा सहा-आठ भागच चाकांपर्यंत पोहोचत. डिझेलने हे सारे कष्ट वाचवले आणि त्याबरोबर एक अख्खी कामगार वस्तीही ओसरली. माझ्या मते या विषयावरच्या लेखनात या दुसऱ्या बाजूला फार कमी जागा मिळाली आहे.

वाशीमवरून जाणारा अकोला–पूर्णा मार्ग २००८ साली मीटर गेजचा ब्रॉड गेज झाला आणि आता त्यावर विजेच्या ताराही आल्या आहेत. तिथल्या जुन्या पाण्याच्या टाक्या, शेडच्या जागा, निवृत्त फायरमन आणि खलाशी यांच्याकडे वहीपेन घेऊन जाणाऱ्यांची या क्षेत्राला गरज आहे. इंजिनांची जंत्री पुढेही करता येईल. त्या माणसांकडे आधी जा.