गढूळ पाणी (फिशटँकमधील)

घरगुती फिशटँकमधल्या पाण्याचा नितळपणा जाऊन ते दुधाळ, धुरकट वा हिरवे दिसू लागणे. नवी खडी टाकल्यावर दोन दिवस दिसणारा गढूळपणा आपोआप बसतो, त्याची काळजी नसावी. पाणी बदलूनही जो आठवड्यामागून आठवडे परत येतो, त्या चिवट गढूळपणाचा येथे विचार केला आहे. त्याचे मूळ बहुतेक वेळा जास्तीच्या स्वच्छतेत आणि जास्तीच्या खाद्यात सापडते. दर रविवारी टँक पूर्ण रिकामा करून खडी, फिल्टर, काच सारे घासूनपुसून लख्ख करणाऱ्या घरातच बुधवारपर्यंत पाणी पुन्हा दुधाळ होते, आणि मग पुढचा रविवार अधिक जोराने घासण्यात जातो.

उपाय करण्याआधी गढूळपणाची जात ओळखावी. काचेचा स्वच्छ पेला टँकच्या पाण्याने भरून पांढऱ्या कागदासमोर धरावा. हिरवी झाक दिसली तर ते पाण्यात तरंगणारे सूक्ष्म शैवाल. फिक्या चहासारखा रंग असून पाणी आरपार दिसत असेल, तर सजावटीच्या लाकडातून उतरलेले टॅनिन. ते माशांना बाधत नाही, नजरेला खटकत असेल तर फिल्टरमध्ये सक्रिय कोळसा घालावा. पांढुरके पाणी असेल तर पेला रात्रभर हलवू नये. सकाळी तळाशी बारीक थर आणि वर निवळ पाणी दिसले, तर ती न धुतलेल्या खडीची धूळ किंवा बोअरवेलच्या जड पाण्यातून बाहेर पडलेला क्षार होय. थर न बसता पेला तसाच धुरकट राहिला, तर ते जिवाणू आहेत, आणि खरा त्रास याच प्रकाराचा असतो.

मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात. उरलेले दाणे आणि कुजकी पाने त्यात भर घालतात. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू सर्गेई विनोग्राद्स्की यांनी 1890 च्या सुमारास वेगळे काढून दाखवले. गोड्या पाण्याच्या टँकमध्ये यातले दुसरे काम मुख्यतः नायट्रोस्पिरा गटातले जिवाणू करतात, हे 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. हे उपकारक जिवाणू स्पंजला, खडीला, काचेला चिकटून राहतात आणि फार सावकाश वाढतात. एकाचे दोन व्हायला अर्धा ते एक दिवस लागतो. नव्या टँकमध्ये त्यांची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे जातात. याउलट कुजणाऱ्या पदार्थांवर जगणारे जिवाणू पाण्यात मोकळे तरंगतात आणि तासाभराच्या आत दुप्पट होऊ शकतात. दुधाळपणा दिसतो तो यांचा. सारा टँक धुतला की सावकाश वाढणाऱ्यांची वस्ती मोडते, मैदान मोकळे होते आणि वेगाने वाढणारे आधी फैलावतात. गढूळपणा पुन्हा पुन्हा येतो तो यामुळे.

घरात मासे पाळण्याच्या इतिहासात हा प्रश्न अगदी आरंभापासून आहे. रसायनज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी 1850 मध्ये लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे आपला प्रयोग मांडला. एका पात्रात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिसनेरिया ही पाणवनस्पती ठेवली होती. जुनी पाने कुजू लागली, पाणी गढुळले, काचेवर बुळबुळीत थर चढला. वॉरिंग्टन यांनी पात्र ओतून टाकले नाही. त्यात तळ्यातल्या गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पाने आणि थर खाल्ला, पाणी निवळले. कुजणारे कमी झाले की पाणी आपले आपण सावरते, ही गोष्ट तेव्हाच समोर आली होती.

जिवाण्वीय गढूळपणावर पहिला उपाय दाणे थांबवण्याचा. निरोगी, वाढलेले मासे दोन-तीन दिवस सहज उपाशी राहतात. मुलांना उपाशी माशांची दया येते; मुलांना हे समजावून सांगावे. नंतरही दोन मिनिटांत संपेल इतकेच खाद्य घालावे. दुधाळपणा आणणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू झपाट्याने वापरतात, म्हणून मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागतात. हवेचा पंप रात्रंदिवस चालू ठेवावा. एका वेळी पाव भागच पाणी बदलावे आणि नळाच्या पाण्यात आधी अँटी-क्लोरीनचे थेंब घालावेत. फिल्टरचा स्पंज नळाखाली कधी धुऊ नये. क्लोरीनने त्यावरची वस्ती मरते. टँकमधून काढलेल्या पाण्याच्या बादलीत तो दोन-तीनदा पिळावा. बादलीतले पाणी तपकिरी होते, स्पंज मात्र मळकटच राहतो, आणि तो तसाच परत बसवायचा असतो. त्या मळकटपणातच टँकचे आरोग्य आहे.

पावसाळ्यात नळाच्या गढूळ पाण्यात तुरटी फिरवण्याची सवय घरोघरी आहे. ती टँकमध्ये अजिबात फिरवू नये. तुरटीने पाण्याचा पीएच उतरतो आणि विरघळलेले ॲल्युमिनियम कल्ल्यांना इजा करते.

पाणी गढूळ असताना अमोनिया मोजणे महत्त्वाचे, कारण दिसणाऱ्या गढूळपणापेक्षा न दिसणारा अमोनिया मासे मारतो. 25 अंश सेल्सिअसला पीएच 7 असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच 8 ला तो पाच टक्क्यांच्या वर जातो. म्हणून बोअरवेलचे अल्कधर्मी पाणी वापरणाऱ्यांनी अधिक जपावे.

हिरव्या पाण्याचे कारण बहुधा खिडकीतले ऊन किंवा दिवसभर जळणारा दिवा असते. टँक तीन-चार दिवस जाड चादरीने पूर्ण झाकावा, पंप चालू ठेवावा, मग मेलेले शैवाल पाण्याबरोबर काढून दिवा रोज सहा ते आठ तासच लावावा. मासे नसलेल्या टँकमध्ये डॅफ्निया हे बारीक जलजीव सोडले तर ते हे शैवाल गाळून खातात.

वीज गेल्यानंतर अचानक येणारा गढूळपणा वेगळा ओळखावा. बंद डब्याच्या फिल्टरमधला प्राणवायू काही तासांत संपतो, आतले जिवाणू मरू लागतात आणि वीज आल्यावर तेच सडके पाणी टँकमध्ये फेकले जाते. वीज बराच वेळ गेली असेल तर मोटर सुरू करण्याआधी डबा उघडून आतले पाणी मोरीत ओतावे, स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्यात पिळावा, मगच बटण दाबावे.