लेनिन, गांधी आणि एकवीस वर्षांचे डांगे

रशियाशी माझा संबंध इरोडोव्हपुरता. बारावीत फिजिक्सची ती गणितं ज्यांनी केली असतील (म्हणजे न सुटल्यामुळे सोडली असतील) त्यांना कळेल. त्यामुळे मागच्या आठवड्यात कॅन्टीनमध्ये लेनिनवर वाद सुरू झाला तेव्हा मी गप्प डबा खात होतो. एक मित्र म्हणाला, "आपल्या मराठी माणसाचा त्या लेनिनशी काय संबंध रे?" तेव्हा उत्तर आलं नाही. शनिवार-रविवार वाचत बसलो आणि श्रीपाद अमृत डांगे सापडले. म्हणजे नाव माहीत होतं, संयुक्त महाराष्ट्र वगैरे. पण त्यांच्या सुरुवातीच्या वर्षांबद्दल पाटी कोरी होती.

आधी थोडं लेनिनबद्दल. १८८७ साली त्याच्या थोरल्या भावाला, अलेक्झांडरला, झारच्या खुनाच्या कटात फाशी झाली. त्याच वर्षी कझान विद्यापीठात विद्यार्थ्यांची निदर्शनं झाली आणि सतरा वर्षांच्या या धाकट्याला कॉलेजातून काढून टाकलं. पुढे वकिली, अटक, सैबेरियात हद्दपारी.

आता डांगे. जन्म १८९९, नाशिक जिल्ह्यातलं करंजगाव. शिकायला मुंबईत, विल्सन कॉलेजात. तिथे बायबलचा तास सक्तीचा होता, त्याविरुद्ध चळवळ केली म्हणून यांनाही कॉलेजातून काढलं! योगायोगच, पण मला गंमत वाटली. घरच्यांना काय वाटलं असेल कोण जाणे. आमच्याकडे एक केटी लागली तर आठवडाभर सुतक असायचं.

१९२१ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, या मुलाने इंग्रजीत पुस्तिका लिहिली, 'गांधी व्हर्सेस लेनिन'. काळ लक्षात घ्या. असहकार चळवळ ऐन भरात, गांधींविरुद्ध ब्र काढायची सोय नाही. दुसरीकडे लेनिनचं स्वतःचं लिखाण इथे मिळणं जवळजवळ अशक्य, कारण बोल्शेविक साहित्य सरकार जप्त करायचं. रशियाच्या बातम्या यायच्या त्या बहुतेक इंग्रजी वृत्तसंस्थांच्या चाळणीतून. एवढ्या तुटपुंज्या डेटावर त्यांनी जगातल्या दोन माणसांची तुलना मांडली. पुस्तिकेत गोंधळ आहे. डांगे तेव्हा धड मार्क्सवादीही नव्हते. गांधींचा अहिंसक असहकार त्यांना टाकवत नाही, पण कामगार उभा राहिल्याशिवाय तो पुरा पडेल असंही वाटत नाही. मला मात्र हा गोंधळच आवडला. सगळं कळल्यावर लिहू म्हणणारे आपण, आपलं काहीच लिहून होत नाही.

पुस्तिका वाचून रणछोडदास लोटवाला नावाचे गृहस्थ डांग्यांच्या मागे उभे राहिले. हे चक्क पिठाच्या गिरणीचे मालक. भांडवलदाराच्या पैशातून मार्क्सची पुस्तकं मागवली गेली. १९२२ च्या ऑगस्टमध्ये डांग्यांनी 'सोशलिस्ट' नावाचं साप्ताहिक काढलं. तिकडे युरोपात बसलेल्या मानवेंद्रनाथ रॉय यांचं लक्ष गेलं आणि पत्रव्यवहार सुरू झाला.

इथे आपल्या धंद्यातली गोष्ट येते. ही पत्रं पोलीस वाटेत उघडायचे, नक्कल करून घ्यायचे आणि पुन्हा बंद करून पुढे पाठवायचे. दोन्ही टोकांना पत्ता नाही. एन्क्रिप्शन का लागतं हे फ्रेशर्सना शिकवायला इतकं चांगलं उदाहरण मिळणार नाही. तीच पत्रं १९२४ च्या कानपूर कट खटल्यात पुरावा झाली. आरोप काय, तर बादशहाचं हिंदुस्थानावरचं राज्य काढून घेण्याचा कट. डांगे, मुझफ्फर अहमद, शौकत उस्मानी आणि नलिनी गुप्ता यांना चार-चार वर्षं. डांगे तेव्हा चोवीस वर्षांचे.

१९२७ ला सुटले आणि १९२८ ला मुंबईतला गिरण्यांचा प्रचंड संप. एप्रिल ते ऑक्टोबर, सुमारे दीड लाख कामगार. गिरणी कामगार युनियनचे सरचिटणीस डांगे. सहा महिने पगार नाही, चाळीत चूल कशी पेटली असेल याचा विचार करा. मग मार्च १९२९ मध्ये मीरत खटल्यात पुन्हा अटक.

पण मला अस्वस्थ करून गेली ती १९६४ ची गोष्ट. डांगे तेव्हा कम्युनिस्ट पक्षाचे अध्यक्ष. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात १९२४ ची काही पत्रं निघाली आणि मार्चमध्ये मुंबईच्या 'करंट'ने ती छापली. त्यांत तुरुंगातले डांगे सुटकेच्या बदल्यात सरकारचं काम करायची तयारी दाखवतात! डांगे म्हणाले, पत्रं बनावट. एप्रिलमध्ये बत्तीस जण राष्ट्रीय परिषदेच्या बैठकीतून उठून गेले आणि त्याच वर्षी पक्ष फुटला. चीनचा प्रश्न, काँग्रेसशी कसं वागायचं हा प्रश्न, ही मोठी कारणं होतीच. पण ठिणगी चाळीस वर्षांपूर्वीच्या कागदांची.

खरं-खोटं मी ठरवू शकत नाही. मला एवढंच दिसतं की पत्रं खरी मानली तरी त्या बदल्यात सुटका काही झाली नाही. माणूस १९२७ पर्यंत आतच होता, आणि बाहेर आल्यावर वर्षभरात पुन्हा संपात. चोविसाव्या वर्षी, परमुलखातल्या कोठडीत, चार वर्षं समोर असताना मी काय लिहिलं असतं? अप्रेझलच्या आधी मॅनेजरला पाठवलेल्या माझ्या मेल आठवल्या आणि मी तो विषय बंद केला.

असो. १९७४ मध्ये सोव्हिएत सरकारने डांग्यांना 'ऑर्डर ऑफ लेनिन' दिला. १९८१ मध्ये त्यांच्याच पक्षाने त्यांना काढून टाकलं. २२ मे १९९१ ला ते गेले, सोव्हिएत युनियन संपायच्या सात महिने आधी. सोमवारी कॅन्टीनमध्ये हे सगळं सांगणार आहे, मित्राने ऐकून घेतलं तर.