शर्यत मुंबईवरून गेली होती तेव्हा

आम्ही खांबच्या बचत गटाच्या बाया बोलतोय. आज विषय गाड्यांच्या शर्यतीचा आहे. हसू नका, शेवटपर्यंत ऐका. हा विषय आमच्या बैठकीतून निघाला.

झालं असं की आमच्या गटाकडे कर्जाचा एक अर्ज आला. गटातल्याच एका सुनेला मालवाहू तीनचाकी घ्यायची आहे. वालाच्या शेंगा, भाजी, तांदळाची पोती कोलाड-नागोठण्याच्या बाजारात पोचवायची, आणि गाडी स्वतःच चालवायची. कर्ज किती, हप्ता किती, यावर दहा मिनिटंही बोलणं झालं नाही. सगळा वेळ एकाच प्रश्नात गेला. बाई हायवेला गाडी चालवणार कशी? आपला मुंबई-गोवा हायवे आपण रोज बघतो. सुकेळी खिंडीतून उतरणारे ट्रक, कंटेनर, गणपतीला तर मुंगी शिरायला जागा नाही. त्यात रात्री टायर फुटला तर? गाडी बंद पडली तर? आमच्यातल्या वयस्कर बाया म्हणाल्या, "एवढ्या लांबचं बाईच्या अंगाला झेपत नाही."

तेव्हा कोपऱ्यात बसलेली आमच्यातल्या एकीची कॉलेजला जाणारी मुलगी म्हणाली, "ऑस्ट्रेलियात हजार किलोमीटरची शर्यत असते, त्यातही बायका उतरल्यात." मग आम्ही त्या गोष्टीच्या मागे लागलो. वाचलं, विचारलं, एकमेकींना सांगितलं. तेच आज तुम्हाला सांगतो.

शर्यत म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे अलिबाग-मुरुडच्या किनाऱ्यावरची बैलगाडीची शर्यत येते. धुरळा उडतो, आरोळी उठते, बघता बघता निकाल लागतो. ऑस्ट्रेलियातली ही शर्यत तशी नाही. सिडनी शहराच्या पश्चिमेला, साधारण दोनशे किलोमीटरवर, बाथर्स्ट नावाचं गाव आहे. तिथल्या माउंट पॅनोरमा नावाच्या डोंगराला वळसा घालणारा सव्वासहा किलोमीटरचा रस्ता आहे. त्याला १६१ फेऱ्या मारायच्या, म्हणजे हजार किलोमीटर. सहा-सात तास लागतात. एका गाडीला दोन चालक, आळीपाळीने. या गाड्यांना 'टूरिंग कार' म्हणतात. म्हणजे मुळात घरची माणसं घेऊन फिरायच्या गाड्यांसारख्या, शर्यतीसाठी तयार केलेल्या. गंमत अशी, की शर्यतीचे दिवस सोडले तर तो रस्ता लोकांच्या रोजच्या वापराचा आहे. आजूबाजूला घरं आहेत, मळे आहेत. तिथली माणसं त्याच वळणांवरून हळूहळू बाजारहाट करून येतात. ऑक्टोबरात तिथेच गाड्या ताशी तीनशेच्या जवळ धावतात.

अशा शर्यतीत नुसता वेग कामाचा नाही. ब्रेक तापतात, टायर झिजतात, माणूस थकतो. शेवटपर्यंत गाडीही टिकली पाहिजे आणि चालकही.

बाथर्स्टची माहिती काढता काढता आमच्या हाती त्याहून मोठी एक शर्यत लागली. तिचाही शेवट ऑस्ट्रेलियातच झाला, पण तिचा मधला मुक्काम आपल्या मुंबईत होता. साल १९६८. नाव लंडन-सिडनी मॅरेथॉन.

लंडनच्या 'डेली एक्स्प्रेस' आणि सिडनीच्या 'डेली टेलिग्राफ' या दोन वर्तमानपत्रांनी ती भरवली होती. पहिलं बक्षीस दहा हजार पौंड. २४ नोव्हेंबर १९६८ ला लंडनहून ९८ गाड्या निघाल्या. फ्रान्स, इटली, युगोस्लाव्हिया, बल्गेरिया, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान असे देश ओलांडत त्या दिल्लीला आल्या. खैबर खिंडीतून गाड्या निघाल्या आणि लाहोरवरून सरळ भारतात आल्या. आज असा रस्ता कोणी सलग चालून दाखवेल का? सरहद्दी तेव्हाही होत्या, पण गाडी घेऊन पार करता येत होत्या.

दिल्लीहून मुंबईला यायला त्यांना जेमतेम २३ तास दिले होते. अंतर चौदाशे किलोमीटरच्या आसपास. रस्ता आग्रा, इंदूरकडून आपल्या धुळे-नाशिकच्या बाजूने येणारा. हे अंतर आता चौपदरी रस्त्यावरही सोपं नाही, आणि तेव्हा तर एकेरी डांबरी रस्ता, बैलगाड्या, गुरं, ट्रक. वर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघ्यांची गर्दी. त्या चालकांनी पुढे सांगितलं, की भारतात त्यांना खड्ड्यांपेक्षा गर्दीची जास्त धास्ती वाटत होती. माणसं गाडी जाण्यापुरती फट ठेवून उभी असत, आणि त्या फटीतून वेगात जायचं असे.

त्या गाड्या आपल्या खांबवरून गेल्या नाहीत. त्या उत्तरेकडून आल्या, आपला रस्ता मुंबईच्या दक्षिणेला. पण ज्या मुंबईला आपली दीर-भावजय, आपली पोरं कामाला जातात, तिथेच डिसेंबरच्या सुरुवातीला धुळीने माखलेल्या ७२ गाड्या वेळेत पोचल्या. बाकीच्या वाटेत राहिल्या. कुणाचं इंजिन गेलं, कुणी खड्ड्यात पडलं. मुंबई बंदरात या गाड्या 'चुसान' नावाच्या मोठ्या प्रवासी बोटीवर चढवल्या. ५ डिसेंबरला बोट निघाली आणि १३ डिसेंबरला ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर फ्रीमँटल बंदराला लागली. दुसऱ्या दिवशी पर्थ शहरातून शर्यत पुन्हा सुरू झाली.

आता हिशोब ऐका, कारण आपण गटाच्या बाया, हिशोबाशिवाय आपलं चालत नाही. प्रत्येक टप्प्याला वेळ ठरलेली होती. जितकी मिनिटं उशीर, तितके गुण वजा. शेवटी ज्याचे वजा गुण सगळ्यांत कमी तो जिंकला. म्हणजे कोण पुढे पळालं हे बघायचंच नाही, कोणाचं कमीत कमी नुकसान झालं ते बघायचं. मुंबईत पोचताना पहिला होता इंग्लंडचा रॉजर क्लार्क, लोटस कॉर्टिना गाडी घेऊन. सगळे म्हणत होते, हाच जिंकणार.

पण ऑस्ट्रेलियाचा रस्ता वेगळाच निघाला. पर्थ ते सिडनी साधारण साडेपाच हजार किलोमीटर, आणि ते तीन दिवस-तीन रात्रींत. त्यात नलारबोर नावाचा माळ आहे. लॅटिन भाषेतल्या या नावाचा अर्थच 'एकही झाड नाही'. लाल माती, कच्चे रस्ते, अंधारात अचानक आडवे येणारे कांगारू. त्यासाठी गाड्यांना पुढून जाडजूड लोखंडी दांड्या बसवल्या होत्या. या रस्त्याने क्लार्कची गाडी जायबंदी केली आणि तो मागे पडला.

मग पुढे आला बेल्जियमचा ल्युसियाँ बियांकी आणि त्याचा फ्रेंच जोडीदार ओझिए, सित्रोएन गाडीत. सिडनी अगदी जवळ आली होती, दीडशे-दोनशे किलोमीटर राहिले होते. नाउरा गावाजवळ समोरून एक छोटी मिनी गाडी आली आणि समोरासमोर धडकली. गाडी ओझिए चालवत होता, बियांकी शेजारच्या सीटवर होता. तो गंभीर जखमी झाला.

त्यांच्या मागे होता आयर्लंडचा पॅडी हॉपकर्क, बीएमसी १८०० गाडीत. हॉपकर्क काही साधा माणूस नव्हता. १९६४ साली छोट्या मिनी गाडीने त्याने मोठमोठ्यांना हरवून माँटे कार्लोची रॅली जिंकली होती. पुढची गाडी अपघातात गेली, म्हणजे पहिला नंबर त्याच्या आवाक्यात आला होता. पण तो आणि त्याचे जोडीदार थांबले. जखमींना बाहेर काढायला हात दिला, मदतीची सोय केली. त्यात मिनिटं गेली. मिनिटं गेली म्हणजे गुण गेले.

१७ डिसेंबरला सिडनीत शर्यत संपली. ९८ पैकी ५६ गाड्या शेवटपर्यंत आल्या. जिंकला स्कॉटलंडचा शेतकरी अँड्र्यू कॉवन, त्याच्या सोबत कॉलिन मॅल्किन आणि ब्रायन कॉइल. गाडी हिलमन हंटर, दिसायला अगदी साधी, कारकुनाच्या घरापुढे उभी असावी अशी. वजा गुण ५०. दुसरा हॉपकर्क, वजा गुण ५६. मुंबईत पोचताना कॉवन पहिल्या तिघांतही नव्हता. त्याने गाडी जपली, सांभाळून चालवली, नशीबही बरोबर होतं, आणि पुढचे एकेक करून गळाले. १९७७ साली पुन्हा अशीच लंडन-सिडनी शर्यत झाली, तीही कॉवननेच जिंकली.

हे ऐकून आमच्या बैठकीत एकजण म्हणाली, "हे सगळे पुरुषच झाले की गं!" म्हणून आता बायांकडे येऊ.

त्या ९८ गाड्यांत बायाही होत्या. ऑस्ट्रेलियाच्या तिघी, आयलीन वेस्टली, मॅरियन मॅकडोनल्ड आणि जेनी गेट्स, एका लहानशा मॉरिस ११०० गाडीत होत्या. एल्सी गॅड आणि तिच्या तीन मैत्रिणी, अशा चौघीजणी व्होल्वो गाडीत. जीन डेंटन नावाची इंग्लंडची बाई एमजी गाडीत होती. तीच बाई पुढे ब्रिटनच्या सरकारात मंत्री झाली.

आणि डब्लिनची रोझमेरी स्मिथ. ही मूळची कपड्यांची डिझायनर, शिवणकामातून आलेली. १९६५ साली तिने हॉलंडची ट्यूलिप रॅली जिंकली होती. या शर्यतीत तिच्याबरोबर फ्रान्सची ल्युसेत प्वांते होती. वाटेत त्यांच्या गाडीचा पिस्टन गेला, इंजिनात जोर राहिला नाही. समोर खैबर खिंडीचा चढ. गाडी पुढच्या गिअरवर चढेना. तेव्हा रोझमेरीने गाडी उलटी फिरवली आणि रिव्हर्स गिअरवर, मागे बघत बघत, घाट चढवला. रिव्हर्सला वेग नसतो पण जोर असतो, हे तिला माहीत होतं. यंत्राची ओळख असली की असं सुचतं. पुढे तिने गाडी शिकवण्याची शाळा काढली. वयाच्या ७९ व्या वर्षी, २०१७ साली, फॉर्म्युला वन शर्यतीची गाडी चालवून दाखवली.

आपल्याकडचंही सांगतो. पुण्याच्या डायना पुंडोले, दोन मुलांची आई. २०२४ साली त्यांनी चेन्नईजवळच्या मद्रास सर्किटवर सलून गाड्यांच्या राष्ट्रीय शर्यतीचं विजेतेपद मिळवलं, पुरुषांच्या बरोबरीने उतरून. सलून गाड्या म्हणजे आपण आधी सांगितल्या त्या टूरिंग गाड्यांच्याच जातीतल्या. आणि शर्यतीचं सोडा, आता एसटीच्या स्टेअरिंगवरही बाया बसल्या आहेत.

पण मैत्रिणींनो, आमच्या मनात सगळ्यांत जास्त राहिला तो हॉपकर्क. कारण थांबणं आपल्याला माहीत आहे. आपल्या हायवेला अपघात झाला की पहिल्यांदा धावतात त्या रस्त्याकडेच्या घरातल्या बाया. कोणी पाण्याची कळशी आणते, कोणी लुगडं फाडून पट्टी करते, कोणी पोराला मांडीवर घेऊन गप्प करते. मग घरचे ओरडतात, "पोलिसांच्या भानगडीत पडू नको." तर हे नीट लक्षात ठेवा. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात १३४अ हे कलम आलं. चांगल्या मनाने जखमीला मदत करणाऱ्यावर खटला भरता येत नाही, आणि नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. १०८ ला फोन करा, जखमीला विनाकारण हलवू नका, रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा.

आता त्या अर्जाचं काय झालं ते सांगून संपवतो. पुढच्या बैठकीत आम्ही तिला प्रश्न विचारले, पण वेगळे. टायर बदलता येतो का? ऑइल कधी बघायचं? रात्री गाडी बंद पडली तर कोणाला फोन करशील? तिला निम्म्याची उत्तरं आली, निम्म्याची नाही आली. तिने ती लपवली नाहीत. मग असं ठरलं, की आधी शिकाऊ परवाना काढायचा. तो निघाल्यावर निदान तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. तेवढ्या दिवसांत तिने गॅरेजमध्ये बसून गाडीची ओळख करून घ्यायची, आणि परवाना हातात आला की कर्ज द्यायचं. आणखी दोघींनी हात वर केला, "आम्हीपण परवाना काढतो."

"बाईच्या अंगाला झेपत नाही" म्हणणाऱ्या आमच्यातल्या सगळ्यांत वयस्कर बाईंनी ठरावावर अंगठा उठवला, आणि म्हणाल्या, "पहिली फेरी माझ्या वालाच्या शेंगांची. भाडं मात्र लावून घे."