ज्वारीची पायली

श्रीपतची गोष्ट आजोबा ओट्यावर बसून सांगत आणि ती जेवणापाशी आली की त्यांचा आवाज चढे. शेषाद्री हे निजामाच्या मुलखातलं ब्राह्मण घराणं. थोरला नारायण मुंबईत स्कॉच मिशनच्या शाळेत शिकला आणि १८४३ मध्ये त्यानं बाप्तिस्मा घेतला. त्याच्या मागोमाग धाकटा श्रीपतही पाद्र्यांकडे राहायला गेला. घरचे कोर्टात गेले. मुलगा अज्ञान, म्हणून मुंबईच्या सुप्रीम कोर्टानं त्याला घरच्यांच्या हवाली केलं. पण आता पंक्तीला कोण बसवून घेणार? त्यानं पाद्र्यांच्या घरचं अन्न खाल्लं होतं. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर पुढे झाले, प्रायश्चित्त देऊन पोराला परत घ्या म्हणाले. मुंबईच्या ब्राह्मणांत दोन तट पडले आणि दार उघडू पाहणाऱ्या शास्त्रीबुवांनाच त्याचा ताप झाला.

“गुन्हा काय, तर जेवला!” आजोबा म्हणत.

आतून आजी म्हणे, “दुसऱ्या भावाचंही सांगा की.” कारण तो तिचा. रेव्हरंड नारायण शेषाद्री पुढे जालन्याला आले, निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्यांनी गावाजवळ बेथेल वसवलं आणि तिथं महार-मांग कुटुंबांना घरं-शेतं मिळाली. १८७३ मध्ये न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेत हा माणूस डोक्याला पागोटं बांधून बोलला, याचा आजीला फार अभिमान. ती बेथेलची लेक. आजोबा सीएमएसचे, म्हणजे चर्च मिशनरी सोसायटीचे. औरंगाबादेत त्या मिशनचं काम अनेक दशकं रतनजी नौरोजी या पारशी माणसानं ओढलं, हे ते आजीला टोला हाणल्यासारखं ऐकवत. १९७० मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं आणि दोघांच्या मंडळ्या कागदोपत्रीही एक झाल्या. वाद मात्र चालूच राहिला.

आमचं घर औरंगपुऱ्यात, भाजीमंडईपासून हाकेवर. रविवारी सगळे छावणीच्या चर्चला जायचो. प्रभुभोजनाच्या दिवशी बाकावरून एकेक जण उठून वेदीपाशी जाई आणि आजी बसून राही. पदर सारखा करी, उपासना संगीताचं पुस्तक उगाच चाळी. पाळकसाहेबांनी विचारलं तर म्हणे, गुडघे दुखतात. त्याच गुडघ्यांनी ती रोज मंडईतून दोन पिशव्या आणत असे.

कारण आम्हाला उशिरा कळलं. बहात्तरच्या दुष्काळात तिची धाकटी बहीण भोकरदनकडच्या खेड्यातून तान्ही मुलगी घेऊन आली होती. गावाकडं खडी फोडायचं काम आणि सुकडी, एवढंच. इथं घरात नऊ माणसं, रेशनची लाल मिलो ज्वारी, आजोबांचा मास्तरकीचा पगार. आठवडाभर ठेवून घेऊन आजीनं बहिणीला परत पाठवलं. पोर पावसाळा बघू शकली नाही. आजीनं तिला ठेवून घेतलं असतं तर ती जगली असती का, हे कोण सांगणार? पण अयोग्यपणे प्रभूच्या मेजाशी जाऊ नये असं पौलानं करिंथकरांना बजावलं आहे आणि आजीनं ते स्वतःला लावून घेतलं. स्कॉटलंडात एके काळी योग्य ठरलेल्यांनाच धातूचा बिल्ला देऊन भोजनाला घेत. आजीनं स्वतःला बिल्लाच दिला नाही.

दर सुगीनंतर मात्र ती बहिणीकडे ज्वारी पाठवी. पायलीनं मोजून, स्वतःच्या हातानं.

आजीची आई केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात वाढलेली. १९०५ मध्ये तिथं मुली रडून रडून पापकबुली देत होत्या, हे तिनं पाहिलेलं. मला मात्र रमाबाईंची स्वतःची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही मुलगी उपासतापास, तीर्थं, दानधर्म यांतून वाढली, ते सगळं करूनही आईबाप दुष्काळात गेले. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला तिनं बाप्तिस्मा घेतला. तरी मनाला स्वस्थता यायला आणखी आठेक वर्षं गेली. तोवर आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त नव्हता, अशा अर्थाचं तिनं १९०७ मध्ये लिहून ठेवलं. संस्कृत मुखोद्गत असलेल्या, शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे साक्ष दिलेल्या बाईला जे समजायला एवढा वेळ लागला, ते आजीला चटकन समजावं ही अपेक्षा अन्यायाची होती. शिवाय प्रायश्चित्ताचा हिशेब असतो, तो कधीतरी फिटतो. फुकट मिळालेली माफी कुठल्या वहीत मांडायची?

आजोबांचा उपाय म्हणजे पेत्र आणि यहूदा. एकाच रात्री दोघांनी दगा दिला, दोघंही पस्तावले. यहूदानं तीस रुपये मंदिरात फेकले आणि गळफास घेतला. पेत्र थांबला. मग एका पहाटे तळ्याकाठी विस्तवावर मासे भाजलेले आणि ज्याला तीनदा नाकारलं तोच न्याहारीला बोलावतोय. “पेत्र जेवला की नाही?” आजोबा विचारत. आजी म्हणे, पेत्रानं कुणाचं लेकरू मारलं नव्हतं.

यावर आजोबा गप्प बसत. मीही बसलो असतो.

मग एका वर्षी ती बहीण, आमची मावशीआजी, ज्वारीचं पोतं घेऊनच औरंगपुऱ्यात आली. रिक्षातून उतरवून ओट्यावर ठेवलं.

“आक्का, ही ज्वारी तुझी तू ठेव. म्या त्याच साली सोडलंय. तू दर वर्षी मोजून धाडतीस, मग मलाबी दर वर्षी ते लेकरू आठवावं लागतंय.”

आजीला हे कधी सुचलंच नव्हतं. आपण फेड करतोय असं ती समजत होती आणि त्या फेडीनं दर सुगीला बहिणीची जखम उघडी पडत होती. दोघी त्या दिवशी फारसं बोलल्या नाहीत. संध्याकाळी त्याच ज्वारीच्या भाकरी झाल्या, मावशीआजीनं थापल्या आणि आजीला दोन जास्तीच्या वाढल्या.

पुढच्या प्रभुभोजनाला आजी बाकावरून उठली. आजोबा इतके चकित झाले की त्यांची स्वतःची पाळी चुकली, मागच्यानं ढकलावं लागलं. परत येऊन बसल्यावर आजी माझ्याकडं वळली आणि म्हणाली, “भाकरीचे तुकडे आता फारच लहान करतात रे.”